जिभेनं दात ढकलले, की जबड्यानं दोघांनाही जागा दाखवली?

दंतशास्त्रातल्या प्रबंधांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येतो : जबड्यांची ठेवण बिघडलेल्या रुग्णांमध्ये जिभेची ठेवण आणि पुढच्या दातांचा कल यांचा संबंध. विषय सोयीचा आहे. एक्स-रे फाइलमध्ये आधीपासून असतात, त्यावर रेषा मारायच्या, कोन मोजायचे, आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. सहसंबंध निघतो, तक्ता तयार होतो, आणि शेवटच्या परिच्छेदात वाक्य येतं की ‘जिभेच्या ठेवणीचा दातांच्या कलावर परिणाम होतो, म्हणून उपचारात जिभेकडे लक्ष द्यावं.’

तक्त्यापासून या वाक्यापर्यंतची उडी किती मोठी आहे, ते आज बघू. मी दंतवैद्य नाही. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून संशोधनात आले आणि मोजमापं, त्यांच्यातले संबंध, त्यांवरून काढलेले निष्कर्ष हेच माझं रोजचं काम. त्यामुळे इथली टीका कोणत्याही डॉक्टरांच्या उपचारांवर नाही, पुराव्याच्या बांधणीवर आहे. तुम्ही पेट किंवा सेटची तयारी करत असाल, एमडीएसची सिनॉप्सिस लिहीत असाल किंवा जळगावच्या विद्यापीठात जीवशास्त्रातला विषय शोधत असाल, तरी हीच चूक वेगळ्या कपड्यांत तुमच्याही समोर येणार आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ

दात वाकडे असणं वेगळं आणि जबडे जुळत नसणं वेगळं. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दाढांच्या परस्पर जागेवरून तीन वर्ग केले. पण दाढांवरून केलेला वर्ग आणि हाडांवरून केलेला वर्ग प्रत्येक वेळी सारखा येतोच असं नाही. हाडांचा अंदाज घ्यायला चेहऱ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे लागतो, त्याला लॅटरल सेफॅलोग्राम म्हणतात. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. स्टायनर यांच्या पद्धतीत वरच्या आणि खालच्या जबड्यातल्या फरकाचा कोन सुमारे २ अंश धरतात. तो बराच वाढला तर खालचा जबडा मागे किंवा वरचा पुढे, म्हणजे क्लास टू. शून्याखाली गेला तर खालचा पुढे किंवा वरचा मागे, म्हणजे क्लास थ्री.

आता दातांचा कल. पटाशीचे दात हाडात सरळ उभे नसतात, थोडे पुढे झुकलेले असतात. स्टायनर यांच्या मापात वरच्या पटाशीचा कल २२ अंश आणि खालच्याचा २५ अंश धरलेला आहे. क्लास थ्रीच्या रुग्णात एक गंमत दिसते. खालचा जबडा पुढे गेलेला, पण खालचे पटाशीचे दात आत, जिभेकडे झुकलेले, आणि वरचे दात बाहेर, ओठाकडे झुकलेले. जणू हाडं दूर गेली तरी दात एकमेकांना गाठायला बघतात. क्लास टूमध्ये खालचे दात पुढे झुकून तेच करतात. याला दातांची भरपाई म्हणतात. सोलो यांनी १९८० साली या भरपाईच्या यंत्रणेवर मांडणी केली, ती अजूनही वाचण्यासारखी आहे.

जिभेचंही असंच. वरचा जबडा अरुंद आणि खालचा पुढे असेल तर जीभ टाळूला लागून न राहता खाली, खालच्या दातांच्या कमानीत पसरलेली दिसते. म्हणजे एकाच चित्रात तीन गोष्टी सोबत दिसतात : जबडा, जीभ, दातांचा कल. प्रश्न असा की कोणी कोणाला हलवलं?

जिभेच्या बाजूनं जे बोलायला हवं

टीका करायची तर समोरची बाजू आधी पूर्ण ताकदीनं मांडायला हवी. जीभ दात हलवू शकते, यात शंका नाही. जन्मजात खूप मोठी जीभ असलेल्या मुलांत दात पुढे येतात, वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. दात हलवायला प्रचंड जोर लागतो असंही नाही, हलका पण टिकून राहणारा जोर पुरतो. तारा लावून दात सरकवण्याचं शास्त्र त्यावरच उभं आहे.

पण ‘टिकून राहणारा’ या शब्दाशी थांबा. विल्यम प्रॉफिट यांचा १९७८ सालचा दातांच्या समतोलावरचा लेख या विषयात पाया मानला जातो. त्यातला मुद्दा साध्या गणितानं समजतो. माणूस दिवसभरात साधारण हजार वेळा गिळतो असं धरा, दर वेळी जिभेचा दाब सुमारे एक सेकंद. झाले १००० सेकंद, म्हणजे १७ मिनिटंसुद्धा नाहीत. दात सरकायला मात्र जोर दिवसातले काही तास, अंदाजे सहा तास, टिकावा लागतो. म्हणून गिळताना जीभ दातांवर आपटते, या निरीक्षणावरून दात पुढे आल्याचं स्पष्टीकरण देता येत नाही. महत्त्वाचं असेल तर ते जीभ गप्प असताना कुठे पडून असते ते.

या एका लेखानं ‘जिभेचा धक्का’ या जुन्या कल्पनेतली बरीच हवा काढली आणि ‘जिभेची ठेवण’ हा विषय पुढे आणला. पण त्याच लेखात एक कच्चा दुवाही आहे. विश्रांतीत जिभेचा बाहेर ढकलणारा दाब आणि ओठ-गालांचा आत ढकलणारा दाब मोजले तर ते एकमेकांना रद्द करत नाहीत, हे प्रॉफिट स्वतःच सांगतात. मग दात जागेवर कसे राहतात? उरलेला हिशेब दाताभोवतीच्या पडद्याच्या स्थिर ठेवणाऱ्या ताकदीनं जुळवला आहे. ही कल्पना चुकीची असेल असं मी म्हणत नाही. पण बेरीज जुळत नसताना ती जुळवायला आलेली संज्ञा आणि थेट मोजलेली गोष्ट यांत फरक असतो. प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या तोंडातले दाब मोजले होते. त्यांच्या दातांच्या कमानी मोठ्या, म्हणून जिभेचा दाबही जास्त असेल असं वाटेल. तसा तो निघाला नाही. म्हणजे ‘जीभ ढकलते म्हणून कमान मोठी’ ही सरळ गोष्ट तिथेच अडखळली होती.

एका फोटोवरून काढलेले निष्कर्ष

आता नेहमीच्या पेपरकडे येऊ. एखादा ठरावीक पेपर घेत नाही, कारण दोष एकाचा नसून रचनेचा आहे. क्लास वन, टू, थ्री असे प्रत्येकी तीसेक रुग्ण, प्रत्येकाचा एक सेफॅलोग्राम, जिभेची मापं, दातांचे कोन, शेवटी सहसंबंध. यात चार जागी पाय घसरतो.

पहिली जागा : आपण जी ठेवण मोजतो, ती विश्रांतीची आहे का? सेफॅलोग्राम बहुधा दातांवर दात ठेवून, उभ्यानं काढतात. पण आपण गप्प बसलेलो असतो तेव्हा दात एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. काही ठिकाणी रुग्णाला ‘थुंकी गिळा आणि तसेच थांबा’ असं सांगतात, काही ठिकाणी काहीच सांगत नाहीत. सीबीसीटी काही यंत्रांवर बसून होतो तर काहींवर झोपवून, आणि आडवं झालं की जीभ मागे पडते. जोर टिकायला हवा तो काही तास, त्यातले बरेच तास झोपेचे. आपल्या हातात मात्र काही सेकंदांचा, दात मिटलेला, सावध क्षण असतो.

दुसरी जागा : मोजपट्टीच दाताला बांधलेली असते. जिभेचं टोक खालच्या पटाशीच्या कडेपासून किती दूर आहे हे एक माप आणि त्याच दाताचा कल हे दुसरं माप. समजा कडेपासून १५ मिलिमीटर खालच्या बिंदूभोवती दात १० अंशांनी आत झुकला. त्याची कड सुमारे २.६ मिलिमीटर मागे सरकते. जीभ केसभरही हलली नाही, तरी जीभ आणि दात यांच्यातलं अंतर २.६ मिलिमीटरनं बदललं! आता ही दोन मापं शेकडो रुग्णांत घेतली तर सहसंबंध निघेलच, तो भूमितीनं आधीच पेरून ठेवलाय. जिभेची उंची टाळूच्या रेषेपासून आणि वरच्या दाताचा कलही त्याच रेषेपासून मोजला, तर रेषा आखताना झालेली चूक दोन्हीकडे शिरते. पेपर वाचताना पेन्सिल घ्या आणि दोन मापांत कोणता बिंदू किंवा कोणती रेषा सामाईक आहे त्यावर खूण करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण निष्कर्षाचा निम्मा जीव कधी कधी तिथेच जातो.

तिसरी जागा : संख्या. जिभेची सात मापं, दातांची चार, गट तीन. झाले ८४ सहसंबंध. पाच टक्क्यांची रेषा ठेवली तर काहीही संबंध नसतानाही सरासरी चार ‘लक्षणीय’ निघतील. दुसरी बाजू अशी की तीस रुग्णांच्या गटात गुणांक ०.३६ च्या वर गेल्याशिवाय तो लक्षणीय ठरतच नाही. खरा संबंध ०.३ असेल तर तो भरवशानं पकडायला ८५ च्या आसपास रुग्ण लागतात. म्हणून छोट्या गटांतून छापून येतात ते प्रामुख्यानं फुगलेले आकडे. आणि ०.३ म्हणजे तरी किती? त्याचा वर्ग ०.०९. दातांच्या कलातल्या फरकापैकी नऊ टक्के जिभेच्या मापाशी जोडता येतात, एक्क्याण्णव टक्के येत नाहीत. तक्त्यातल्या दोन चांदण्यांमागे हे झाकलं जातं.

चौथी आणि सगळ्यात मोठी जागा : जबडा. वर सांगितलं की जबड्यांमधला फरक दातांना झुकवतो आणि जिभेची जागाही बदलतो. मग जीभ आणि दात यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी दोघांत सहसंबंध दिसेल, कारण दोघांचा मालक एकच आहे. तिन्ही वर्ग एकत्र करून काढलेला सहसंबंध म्हणूनच जवळजवळ निरर्थक असतो. जबड्याचा फरक स्थिर धरून उरलेला संबंध किती, हे विचारायला हवं. हे विचारल्यावर अनेक तक्ते एकदम शांत होतात.

याला जोडूनच निवडीचा प्रश्न. दवाखान्यात कोण येतं? ज्याची भरपाई जमली नाही तो. खालचा जबडा पुढे असूनही ज्याचे दात छान झुकून जुळले, तो ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाईलच कशाला? ओपीडीच्या फाइलींत तो माणूस नाही. आपण अर्ध्या गावाचं मोजमाप घेऊन सगळ्या गावाबद्दल बोलतो.

ज्यांनी आधी बदल केला आणि मग बघितलं

मग करायचं काय? फोटो एकच असेल तर कोण आधी हलला हे कळणार नाही. काहीतरी बदलायला हवं आणि त्यानंतर पुन्हा बघायला हवं. असं काम झालेलं आहे.

स्वीडनमध्ये लिंडर-अरॉन्सन यांनी १९७० च्या सुमारास नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे तोंडानं श्वास घेणारी मुलं अभ्यासली. त्यांचे वरचे आणि खालचे पटाशीचे दात आत झुकलेले होते. ग्रंथी काढल्यावर जी मुलं नाकानं श्वास घेऊ लागली, त्यांच्या दातांचा कल पुढच्या काळात सर्वसाधारण मापाकडे सरकला. इथे श्वास बदलला, त्यासोबत जिभेची आणि ओठांची ठेवण बदलली आणि मग दात बदलले. क्रम दिसतो. फक्त जिभेचा वाटा किती, हे यातूनही सुटं होत नाही.

हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बंद करून केलेले प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाले. सगळी माकडं तोंडानं श्वास घ्यायला शिकली, पण प्रत्येकानं जबडा आणि जीभ वेगळ्या पद्धतीनं सांभाळली, आणि दातांची बिघाडंही वेगवेगळी झाली. म्हणजे एकाच कारणातून एकच परिणाम निघत नाही.

उलट दिशेचा पुरावाही आहे. जपानमध्ये इवासाकी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अरुंद वरचा जबडा रुंद केलेल्या मुलांचे आधीचे आणि नंतरचे सीबीसीटी तपासले. जबडा रुंद झाल्यावर खाली पडलेली जीभ वर आली. क्लास थ्रीमध्ये शस्त्रक्रिया करून खालचा जबडा मागे नेला की जीभ आणि गळ्यातलं हायॉइड हाड खाली-मागे जातात आणि पुढच्या महिन्यांत अंशतः जुळवून घेतात. इथे आधी हाड हललं, जीभ नंतर.

एकूण चित्र असं : टोकाच्या परिस्थितीत जीभ दात हलवते, नेहमीच्या परिस्थितीत जीभ बऱ्याच अंशी मिळालेल्या जागेशी जुळवून घेते. एका सेफॅलोग्रामवरून ‘जीभ कारण, दात परिणाम’ लिहिणाऱ्याकडे हे वेगळं करायचं साधनच नसतं.

खान्देशात हा विषय घ्यायचा असेल तर

धुळ्यात एसीपीएम दंत महाविद्यालय आहे, जळगाव-धुळ्यात ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत, साक्री-शिरपूर-चोपड्याकडून येणारे रुग्ण आहेत. विषय इथे होऊ शकतो. पण इथली माती ओळखून करायला हवा.

एक मोह आधीच बाजूला ठेवा. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा-डोया, काळा-काया. ‘ळ’ म्हणताना जीभ वळून टाळूला लागते, ‘य’ म्हणताना नाही. मग अहिराणी बोलणाऱ्यांचे दात वेगळे झुकत असतील का? विषय आकर्षक आहे, वर्तमानपत्रात बातमीही होईल. पण प्रॉफिट यांचं गणित लावा. एका ध्वनीला सेकंदाचा काही अंश लागतो. दिवसभराची बेरीज केली तरी ती तासांच्या जवळपास जात नाही. बोलीचा उपयोग दुसरीकडे आहे : एक्स-रे काढताना ‘जीभ सैल सोडा’ ही सूचना अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत मिळाली का? नाही मिळाली तर तो गोंधळून जीभ कुठे ठेवेल, हे कोण सांगणार.

दुसरं, गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्यानं तोंड आखडलेले रुग्ण दवाखान्यात येतच असतात. मुंबईच्या जोशी यांनी १९५३ साली वर्णन केलेल्या या आजारात तोंड कमी उघडतं आणि पुढे जीभही ताठर होते. प्रौढ रुग्ण घेताना हे विचारलं नाही तर जिभेची खालची ठेवण जबड्यामुळे की सुपारीमुळे, हे कळणार नाही. प्रवेशाच्या निकषांत ही एक ओळ हवीच.

तिसरं, मापदंड. स्टायनर यांचे २२ आणि २५ अंश अमेरिकी गोऱ्या चेहऱ्यांवरून आलेले आहेत. आपल्याकडच्या चांगल्या जुळलेल्या दातांतही पटाशी जास्त पुढे झुकलेली असू शकते. त्यामुळे ‘कल वाढलाय’ म्हणताना कोणाच्या तुलनेत, ते लिहा.

आणि रचना. संशोधनासाठी मुलांचे जादा एक्स-रे काढणं योग्य नाही. पण उपचारासाठी आधी आणि नंतर काढलेले एक्स-रे फाइलींत असतात. जबडा रुंद केलेले, पुढे ओढलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण निवडा. एकच मुख्य प्रश्न आधी लिहून ठेवा. जिभेची मापं दाताच्या बिंदूवरून न घेता हाडाच्या बिंदूवरून घ्या. मोजणाऱ्याला आधीचा फोटो कोणता आणि नंतरचा कोणता हे कळू देऊ नका. महिन्यानं तेच फोटो पुन्हा मोजून आपली चूक किती ते काढा. चाळीस रुग्णांचा असा अभ्यास दीडशे रुग्णांच्या एका फोटोपेक्षा जास्त सांगेल.

हे एवढं ताणायचं का?

कारण निष्कर्षाच्या शेवटच्या वाक्यावर कोणीतरी वागतं. टाळूला जीभ चिकटवून ठेवा, जबडा सुधारेल, असं सांगणारे ‘मेविंग’चे व्हिडिओ कॉलेजची मुलं बघतात, आणि खाली पुरावा म्हणून अशाच पेपरांची नावं टाकलेली असतात. ती मुलं फार तर वेळ घालवतात. पण आठ वर्षांचं मूल समोर असेल आणि त्याचा वरचा जबडा मागे राहिलेला असेल, तर जबडा पुढे ओढणारा फेसमास्क साधारण दहाव्या वर्षाच्या आत जास्त चांगलं काम करतो. घरच्यांना कोणी ‘आधी दोन वर्षं जिभेचे व्यायाम करून बघू’ म्हटलं, तर ती दोन वर्षं परत मिळत नाहीत. पुढे त्या मुलासमोर शस्त्रक्रियेचाच पर्याय उरू शकतो. शेतीवर चालणाऱ्या घरासाठी हा खर्च किती मोठा, हे तुम्हाला सांगायला नको.

जिभेचे व्यायाम निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. उपचारानंतर दात जागेवर टिकवायला त्यांची मदत होते का, हा वेगळा आणि चांगला प्रश्न आहे. पण तो प्रश्न वेगळा आहे, हेच मुळात लक्षात ठेवायला हवं.

तुमची सिनॉप्सिस लिहिताना एक काम करा. शीर्षकातला ‘परिणाम’ किंवा ‘प्रभाव’ हा शब्द शोधा. तुमच्या रचनेत काही बदलून पुन्हा मोजलं जाणार नसेल, तर तो शब्द काढा आणि ‘संबंध’ लिहा. मग त्याच पानावर एक वाक्य लिहा : कोणता आकडा आला तर मी माझं गृहीतक सोडून देईन. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर विषय अजून तयार झालेला नाही. गाइडकडे जाण्याआधी आणखी आठवडाभर त्यावर बसा.